दिवसा जायची सोय

आमच्या घरात पोटावर बोलायला कुणालाच संकोच नव्हता. कुणाला वांगं बाधतं, कुणाला हरभऱ्यानं वारा धरतो, कुणाचं पोट कालच्या पाहुणचारानं बिघडलं, यावर ताटावर बसूनच चर्चा व्हायची आणि ठेचा वाढता वाढता माय त्यावर निकालही द्यायची. पण पोटात गेलेलं पुढे कुठं जातं, हा विषय उंबऱ्याबाहेरचा होता. बायका त्याला नुसतं ‘बाहेर’ म्हणायच्या. मला जो आजार झाला तो नेमका त्या उंबऱ्याबाहेरच्या विषयाचा, त्यामुळे घरात इतकी माणसं असून तो कितीतरी दिवस कुणाला दिसलाच नाही. आज माझी नात दवाखान्यातून आली की कानात वायर अडकवूनच मैत्रिणीला आपल्या पोटाची सगळी हकिकत सांगते. मी ऐकत बसते. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

आमचा मळा देऊळगाव राजाच्या शिवेवर होता आणि घर मळ्यातच. दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे मोट जुंपायचे. चाकाचा कुरकुर आवाज, मोट थारोळ्यात रिती होताना पाण्याचा एकदम सुटलेला लोट आणि बैलांशी चाललेलं दादांचं बोलणं यांनी आम्हाला जाग यायची. बैलांशी ते जितकं बोलायचे तितकं माणसांशी बोलले असते तर आमच्या घराचा इतिहास वेगळा झाला असता. दिवस मावळायच्या आधी अंगणात माळव्याचे ढीग पडायचे. मेथीच्या जुड्या बांधायच्या, वांगी निवडायची, ओल्या पोत्याखाली कोथिंबीर झाकायची. हे सगळं सरूआत्याच्या हुकमानं चालायचं. सरूआत्या दादांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. मळा दादांचा, चूल मायची आणि बाजार आत्याचा, अशी वाटणी होती. आठवडी बाजारात आत्या पोतं अंथरून बसली की गिऱ्हाईक तिच्याशी भाव करायला कचरायचं. माय गरीब गाय, आत्या मात्र तिखट. घरातले सोवळ्या-ओवळ्याचे, शिवाशिवीचे सगळे नियम तिच्याच पदराला बांधलेले होते.

बायकांनी ‘बाहेर’ जायचं ते उजाडायच्या आत किंवा दिवस बुडाल्यावर. मळ्यांच्या पलीकडे नाल्याच्या काठानं बायकांची गोदरी, म्हणजे परसाकडची जागा होती. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका घोळक्यानं निघायच्या, हातात डबा आणि तोंडानं गावभरच्या बातम्या. मला ती फेरी आवडायची. कुणाचं कुठं जमलं, कुणाची सून रुसली, हे सगळं मी त्या वाटेवर शिकले. पण दिवसा कुणी जायचं नाही. दिवसा जाणारी बाई एक तर आजारी असणार, नाहीतर बेशरम, आणि लोकांना दुसरं कारण आधी सुचायचं.

मॅट्रिकच्या वर्षी माझं पोट बिघडलं. नाभीखाली कळ यायची, ती यायची तशीच घाई घेऊन यायची, आणि थांबायला सवड द्यायची नाही. सोबत शेंबडासारखं काहीतरी आणि रक्त. कधी कधी वाटेतच लुगड्याला डाग पडायचा. असा पहिला डाग मायनं धुण्यात पाहिला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "दूर बस." तिला वाटलं, पाळी आली. मी सतरा वर्षांची, दुसरं काय वाटणार? मीही काही न बोलता गोठ्याकडच्या ओसरीवर जाऊन बसले. महिन्यातून एकदा बसायचं तिथं मी दोनदा, तीनदा बसायला लागले. तिथं बसलं की चुलीला, पाण्याला हात लावायचा नाही, आणि मळ्यात तर पाऊलही टाकायचं नाही. विटाळशीची सावली पडली तर मिरचीची रोपं जळतात, असं आत्याचं ठाम मत होतं. माझ्या सावलीनं एकही रोप कधी जळलं नाही, पण तपासून पाहायची कुणाची छाती होती?

घरात मग एकच चिंता सुरू झाली. पोरीच्या अंगावरून फार जातं. वैद्यबुवांनी बायकांच्या दुखण्यावरचा काढा दिला, कडू जहर. मायनं अंगात रक्त भरावं म्हणून डिंकाचे लाडू केले, उडदाचे केले, वर तुपाची धार. मी ते मुकाट्यानं खायचे आणि तासाभरात लपूनछपून तुरीच्या ओळींच्या आडोशाला धावायचे. जितकी मी वाळत गेले तितके लाडू मोठे होत गेले. मायच्या डोळ्यांत पाणी आणि हातात लाडू, हे चित्र आठवलं की मला आजही हसू येतं. इतक्या मायेनं कुणी कुणाला आजारी पाडलं नसेल.

एका भर दुपारी मी तुरीत शिरले ते आत्यानं पाहिलं. तिला आला राग. दूर बसलेली पोर, दिवसाढवळ्या, पिकात! ती काठी घेऊनच मागोमाग आली. मी उठून उभी राहिले तेव्हा जमिनीवर काय होतं ते तिनं पाहिलं. काठी तिनं बाजूला ठेवली आणि बांधावर बसली.

"इंदे, हे कवापासून होऊन राह्यलं?"

"दिवाळीपासून."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

कोणत्या शब्दांत सांगायचं असतं हे, तेच मला ठाऊक नव्हतं. आत्यानं मला हाताला धरून नेलं, सरळ मिरचीच्या वाफ्यातून, आणि विहिरीवर स्वतः पाणी घालून माझे पाय धुतले. दादा जेवायला आले तेव्हा तिनं ताट वाढायच्या आधीच सांगितलं, "पोरीले दूर बसवायचं नाही आता. हे बाईपणाचं नाही, आतड्याचं हाय. उद्या जालन्याले जायचं." दादांनी मान हलवली. त्या घरात आत्याच्या बोलण्यावर दुसरं काही करायची पद्धत नव्हती.

जालन्याची बस म्हणजे माझ्यासाठी मोठंच संकट. मध्येच कळ आली तर? आत्यानं पाण्याचा डबा पदराखाली घेतला होता आणि चढतानाच ड्रायव्हरला बजावलं होतं, "बाबू, मी थांब म्हणलं का थांबायचं. काऊन ते इचारायचं नाही." वाटेत बस दोनदा थांबली. दोन्ही वेळा आत्या आपलं लुगडं पसरून माझ्यापुढे आडोसा धरून उभी राहिली आणि बसकडे तोंड करून प्रत्येक खिडकीवर असे डोळे वटारले की कुणाची मान वर झाली नाही.

जालन्याच्या दवाखान्यात गर्गे म्हणून डॉक्टर होते. उंच, किडकिडीत, पुण्याकडचं बोलणं. त्यांनी मला ठेवून घेतलं. नळी घालून आत पाहिलं, पांढरं औषध आतड्यात सोडून फोटो काढले. ते सगळं लाजेनं मरून जावं असंच होतं, पण प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ते मला सांगत, "आता हे करणार आहे, दुखलं तर हात वर कर, मी थांबेन." मी एकदा खरंच हात वर केला, नुसतं पाहायला. ते थांबले. माझ्या सांगण्यावरून कुणी मोठं माणूस थांबल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं.

मग एका सकाळी त्यांनी मला, आत्याला आणि मागून आलेल्या दादांना समोर बसवलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, म्हणाले. कशानं होतात ते आम्हा डॉक्टरांनाही अजून नीट उमगलेलं नाही. हा आजार जात नाही, पण झोपवता येतो.

दादांनी हात जोडले. "साहेब, तुमी म्हणसान तसं. आमाले काय समजते? पण एक इचारतो. सडलं असन तं एकदाचं काढूनच टाका. आमी मिरचीचं झाड असंच छाटतो. खालून नवं फुटते."

डॉक्टर हसले नाहीत. "मिरचीला फुटतं, दादा. आतड्याला फुटत नाही. ते काढलं तर पोटाला भोक ठेवून बाहेर पिशवी बांधावी लागेल, जन्मभर. जीवावर बेतलं तर तेही करू आणि त्यानं ही जगेल. आज ती वेळ नाही." त्यांच्या मते लगेच जोरकस गोळ्या सुरू कराव्यात. रक्त लवकर थांबेल. मात्र त्या गोळ्यांनी चेहरा गोल होतो, अंग भरतं, पाळी चुकते. दुसऱ्या पिवळ्या गोळ्या आहेत, त्या सौम्य, वर्षानुवर्षं घ्यायच्या. गुण हळूहळू येतो, आणि कधी कधी एवढ्यावर भागत नाही.

"मग जोरकसच द्या," दादा म्हणाले.

"मी हिला विचारतोय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. "इंदू, आतडं तुझं आहे. गोळ्या तुला गिळायच्या आहेत. तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

मी दादांकडे पाहिलं, दादा जमिनीकडे. डॉक्टरांना वाटलं असणार, मी कळेचं सांगेन, नाहीतर रक्ताचं. मी म्हणाले, "दिवसा जायले जागा नाही."

त्यांना कळलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी सांगितलं, सांगतच सुटले. पहाटेची फेरी, नाल्याचा काठ, तुरीच्या ओळी, तूर कापली की उघडं पडणारं शेत. शाळेत न जाण्याची कारणं, वैद्यबुवांचा काढा, मायचे लाडू. आणि हेही सांगितलं, की मला बुलढाण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचंय. घरी वाटतं पोरीला शिक्षणाची फार हौस. हौस होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या वसतिगृहात संडास आहेत असं मी ऐकलं होतं. दारं असलेले, आतून कडी लागणारे. दादा ऐकत होते. सतरा वर्षांत त्यांनी माझं इतकं लांब बोलणं ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं," म्हणाले. "आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं."

तेवढ्यात आत्या बोलली. "डॉक्टरसाहेब, मीबी बोलू का? पोर बिनलग्नाची हाय. पाळी चुकन, अंग भरन, तोंड गोल होईन. आमच्या वस्तीतल्या बायका याचा अर्थ काय लावतीन, तुमाले समजते ना? रक्तातून पोर वाचन अन् लोकायच्या तोंडानं मरन."

डॉक्टरांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "तुझं काय म्हणणं?" मी म्हणाले, आधी पिवळ्या घेऊन पाहू. ते म्हणाले, "माझं मत वेगळं आहे, पण तुझ्या म्हणण्यात अर्थ आहे. एक अट मी घालतो. ताप आला, चक्कर आली, रक्त वाढलं, तर त्याच दिवशी इथं यायचं. वैद्य नाही, काढा नाही, लाडू तर नाहीच नाही. ते ओळखायचं तू, आणि सांगायचंही तू. जमेल?" मी हो म्हणाले. बाकी कशाला हो म्हणताना मला इतकं मोठं झाल्यासारखं कधी वाटलं नाही. पुढे लग्नाला हो म्हणतानासुद्धा नाही, हे आमच्या घरच्यांना ठाऊक आहे.

परत आल्यावर दादा कुदळ घेऊन विहिरीपासून लांब, मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात गेले. तिथं त्यांनी खोल खड्डा घेतला, वर सागाच्या फळ्या टाकल्या, चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड उभा केला, आतून शेणानं लिंपला आणि बाभळीच्या लाकडाचं दार लावलं. दाराला आतून कडी. घरापासून तिथवर त्यांनी दगडांची पायवाटही केली, वाफ्यांच्या मधून. लोक हसले. बागाईतवाल्याच्या घरी नवाबी आली म्हणाले. दादा म्हणाले, "हाव, आली." महिन्याभरात शेजारच्या मळ्यांतल्या बायका दुपारच्या वेळी ‘जरा माळवं पाहायले’ म्हणून यायला लागल्या आणि डबा घेऊन त्या पायवाटेनं जायला लागल्या. दादा तेव्हा पाठ फिरवून मोट हाकत राहायचे. माझे वडील मला कधी जवळ घेऊन बोलले नाहीत. पण त्या कडीचा आवाज माझ्या कानात आहे, आणि मला त्यातच सगळं मिळालं.

पिवळ्या गोळ्यांनी डोकं दुखायचं, मळमळायचं. तरी थोडा गुण आला. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या पोटात टिकायला लागल्या. ट्रेनिंगला माझा नंबर लागला. मायनं पत्र्याची ट्रंक पुसून ठेवली. आणि मग जायच्या सुमाराला रक्त पुन्हा वाढलं, कणकण आली. कुणाला काही दिसत नव्हतं, कारण आता दार होतं, कडी होती. मी गप्प बसून बुलढाण्याची बस पकडू शकले असते. दोन दिवस मी नुसती त्या ट्रंकेकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी भाकरी थापणाऱ्या आत्याला म्हणाले, "जालन्याले चला." तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले आणि डबा घेतला.

डॉक्टरांनी पुन्हा तसंच खुर्ची फिरवून विचारलं. या वेळी जोरकस गोळ्या मीच मागितल्या. वर्ष जाणार होतं, चेहरा सुजणार होता, सगळं मला माहीत होतं. त्यांनी सांगितलं की बरं वाटलं तरी या एकदम थांबवायच्या नाहीत, सांगेन तशा कमी करत जायच्या. मग आत्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मागे म्हणाला होतात, बायका काय म्हणतील."

आत्या म्हणाली, "ते मी पाह्यीन."

रक्त थांबलं. कळ गेली. किती दिवसांनी मी भूक लागली म्हणून जेवले. माय समोर बसून माझा घास न् घास पाहत होती. आणि चेहरा, डॉक्टर म्हणाले होते तसाच, गोल होत गेला. गाल वर आले, डोळे बारीक झाले, पोट पुढे आलं. पायवाटेवरच्या बायका मी दिसले की बोलणं थांबवायच्या. मी घराबाहेर पडायची बंद झाले. (पुढच्या वर्षी माझा नंबर पुन्हा लागला, मी मास्तरीण झाले, आणि पिवळ्या गोळ्या घेत घेतच निवृत्तही झाले, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच घोर नको. पण तेव्हा मला हे कोण सांगणार होतं?)

बाजाराच्या दिवशी आत्या म्हणाली, "चाल, उठ. आज तू माह्यासंग बसायचं." मी नाही म्हणाले, रडले. तिनं माझी वेणी घातली, स्वतःचं चांगलं लुगडं मला नेसवलं आणि बैलगाडीत वांग्यांच्या डालीशेजारी बसवलं. भर बाजारात, वाटेवरच्या जागी, पोत्यावर मला आपल्या बाजूला बसवून तिनं तराजू मांडला. बायका यायच्या, भाव विचारायच्या आणि माझ्या पोटाकडे पाहायच्या. शेवटी आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एका म्हातारीनं तोंड उघडलं. "सरूबाई, पोर चांगलीच भरली हो अंगानं. काय इशेष?"

आत्यानं तराजू खाली ठेवला. ती हळू बोलली नाही, ओरडलीही नाही. वांग्यांचा भाव सांगते त्याच आवाजात म्हणाली, "तिच्या मोठ्या आतड्याले जखमा हायेत. परसाकडून रक्त पडत होतं. आमी येडे, आमाले वाटलं पाळी हाय, अन् पोरीले दूर बसवत राह्यलो. आता जालन्याच्या डॉक्टरच्या गोळ्या खाते. गोळ्यांनी तोंड सुजलं, आतडं बरं होऊन राह्यलं. वांगे किती देऊ?"

आजूबाजूच्या दोन-चार दुकानांवरची गिऱ्हाइकं आमच्याकडे वळून पाहायला लागली. मी मान खाली घातली होती. ज्या बाईच्या सांगण्यावरून मी महिनोन्महिने गोठ्याच्या ओसरीवर बसले, तिनं सगळ्या गावादेखत आपल्या चुकीसकट माझ्या आतड्याचं नाव घेतलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. लाज वाटली नाही. पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं, आणि मी मान वर केली.

म्हातारीनं वांगी घेतली नाहीत. ती निघून गेली. बाजार उलगत आला, डाली रित्या व्हायला लागल्या, तेव्हा ती परत आली आणि आत्याला ओलांडून माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाई," ती मला म्हणाली. मला तोवर कुणी बाई म्हटलं नव्हतं. "माह्या सुनेलेबी असंच रक्त जाते. आमी तिले दूरच बसवतो. कण्हत राह्यते, पण सांगत काईच नाही. तुह्यासारखंच असन का ते?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या मुद्दाम दुसरीकडे पाहत पोतं झटकत होती. उत्तर मीच द्यायचं होतं.

"मले कसं समजन?" मी म्हणाले. "तिलेच घेऊन या. मी बोलते तिच्याशी."

पुढच्या बाजाराला म्हातारी सुनेला घेऊन आली. माझ्याच वयाची होती, पदर नाकापर्यंत ओढलेला, हाताच्या काड्या झालेल्या. ती उभीच राहिली, बसावं की नाही ते तिला कळेना. आत्या जराशी सरकली आणि तिनं पोत्यावर, माझ्या शेजारी, तिला जागा करून दिली.